रुळांवरच्या अक्षता

अण्णा जाऊन चार महिने झाले. भेटायला येणारे त्यांच्या शेवटच्या आजाराबद्दल विचारतात आणि मी सांगतेही. पण एकटी बसले की मला निपाणीतल्या आमच्या मुलींच्या शाळेपुढचं पटांगण आठवतं.

माझे हे थोरले भाऊ बेळगावच्या स्टेशनात सांधेवाले होते; रूळ बदलायचे, डबे जोडायचे. वडील मला आठवत नाहीत. मी शिकले, मास्तरीण झाले, ती अण्णांच्या नोकरीवर. माझी शेवटची परीक्षा झाली त्याच वर्षी डबे जोडताना त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि नोकरीही. ते माझ्याकडे निपाणीला राहायला आले. हात उपरण्याखाली धरून दिवसभर मागच्या खोलीत बसायचे. कुणी हाक मारली तरी बाहेर येत नसत. वर्ष असंच गेलं.

मग एकदा त्यांनी रॉकेलचा रिकामा डबा मागितला. पुढे मोडक्या ग्रामोफोनातली स्प्रिंग. डाव्या हातानं पत्रा कापत, डाग देत त्यांनी आगगाडी केली. किल्लीचं इंजिन, मागे चार डबे आणि गोल फिरणारे रूळ. निपाणीला रेल्वे नव्हती, अजूनही नाही. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलींनी गाडी पाहिली होती ती पुस्तकातल्या चित्रात. शाळेचं संमेलन जवळ आलं, तशी मी अण्णांच्या मागे लागले.

"आणतो," ते शेवटी म्हणाले. "पण चारचौघांत फजिती झाली, तर पुन्हा मला ह्या खोलीतून काढायचं नाहीस."

मी बरं म्हटलं. काय कबूल केलं ते उशिरा ध्यानात आलं.

पटांगण खडबडीत होतं, म्हणून संमेलनाच्या दिवशी मुलींनी घरून जेवायचे पाट आणले. अण्णांनी ते गोल मांडले, खालीवर होणाऱ्या पाटांखाली खापऱ्या सारल्या आणि वर रूळ ठोकले. मुली दाटीवाटीनं बसल्या, त्यांच्या आया मागे उभ्या राहिल्या.

"बाई, ह्याचं बैल कुठं सोडल्यात?" एकीनं विचारलं.

"येडे, वाफंवर चालती ती."

"मग चूल कुठाय?"

अण्णा हसले. त्यांना हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

तेवढ्यात आमच्या गल्लीतली म्हातारी आक्का ताट घेऊन आली. "थांबा थांबा! नवी गाडी न पुजताच सोडतासा व्हय?"

आमच्याकडे बैलगाडी पुजतात, मोटार पुजतात, विहिरीवरची नवी मोटसुद्धा पुजतात. अण्णांना नाही म्हणवेना. आक्कानं इंजिनाला कुंकू लावलं. मग एकामागून एक बायका पुढे आल्या आणि लग्नात टाकाव्यात तशा अक्षता टाकत गेल्या. मीही चिमूटभर टाकल्या.

किल्ली द्यायची तर इंजिन दुसऱ्या हातानं धरावं लागे. उपरण्याखालचा हात बाहेर आला. गाडी निघाली, चार-पाच पाट ओलांडून गेली, आणि रुळाला चिकटलेल्या एका ओल्या दाण्यावर इंजिनाचं तोंड उचललं. ते आडवं झालं आणि मागचे डबे एकावर एक पडले.

कुंपणाशी उभा असलेला एक मळेवाला म्हणाला, "रेल्वे बोटं खाती म्हंत्यात. हितं तर डबंबी खाल्लं!"

दोघे-तिघे हसले. अण्णांचा हात उपरण्याखाली गेला. डाव्या हातानं ते डबे पिशवीत भरू लागले. अक्षता टाकणाऱ्यांत मीही होते.

आक्का मात्र खाली मातीत बसली. "लगीच काय गोळा करतासा? तांदूळच हाईत न्हवं? तांदूळ निवडायला आमाला कुणी शिकवाय पायजे? बसा गं समद्याजणी. आणि तू रं, लई हसू आलंय न्हवं, ये हिकडं. ह्यो तुकडा तुझा."

बायका पाटांभोवती बसल्या. पदर खोचले, माना खाली गेल्या, आणि सुपातले खडे काढावेत तसे नखांनी दाणे निघू लागले. तो मळेवालाही मुकाट्यानं बसला.

अण्णा नुसते उभे होते.

"अण्णा, फटीत एक दाणा हाय," एक बाई वर न बघता म्हणाली. "काढू? रूळ हलंल काय?"

ते उकिडवे बसले. तिच्या हातांपाशी त्यांनी आपला तो हात रुळावर दाबून धरला. "हं, काढा."

त्यांच्या हाताकडे कुणीच पाहिलं नाही. सगळ्यांचं लक्ष दाण्यांवर होतं.

मग गाडी चालली, किल्ली उतरेपर्यंत चालली. मुली तिच्याबरोबर पाटांभोवती पळाल्या, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत अण्णांना किल्ली द्यायला लावत राहिल्या.

आवरताना तो मळेवाला जवळ आला. "अण्णा, आमच्या मळ्यातलं तेलाचं इंजिन बंद पडलंय. येऊन बघशीला काय?"

अण्णा म्हणाले, "पाना धरायला कुणीतरी लागेल."

"मी धरतो की."

अण्णा तसेच त्याच्याबरोबर गेले. रूळ आणि पाट आम्ही बायकांनी उचलले.

पुढची सगळी वर्षं अण्णा मळ्यामळ्यांतली इंजिनं दुरुस्त करत हिंडले. त्या बायकांचे आभार मानायचे माझ्याकडून राहूनच गेले. अण्णा गेले त्या दिवशी त्यांच्यातल्या दोघी आल्या होत्या. आलेल्यांना पाणी द्यायला मी उठू लागले, तर एकीनं मला हाताला धरून बसवलं आणि दुसरी घागरीकडे गेली.