आई याच गाडीने येते

यवतमाळकडच्या आमच्या गावातून माझी एसटी निघाली, तेव्हा चार वर्षांची मीरा तिच्या बाबांच्या कडेवरून हात हलवत होती. "आई संध्याकाळी येते ना?" तिने विचारलं. "हो हो," ते म्हणाले.

मी पुण्याला, वाघोलीच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले. सुरुवातीला व्हिडिओ कॉलवर मीरा खूप बोलायची. पुढे माझा चेहरा दिसला की फोन पालथा घालायला लागली. पोरीने रडू नये म्हणून तिचे बाबा रोज तिला स्टँडवर न्यायचे. लाल गाडी आली की म्हणायचे, "आई याच गाडीने येते बघ."

एका दुपारी वॉर्डात औषधं देत असताना त्यांचा फोन आला.

"मीरा सापडत नाही आहे."

फोन चालूच ठेवून ते धावत होते. मला चपलांचा आवाज ऐकू येत होता, सासूबाईंच्या हाका, आणि मग कोणीतरी ओरडलं, "विहिरीत पाहा रे!" माझ्या हातातला ट्रे खाली पडला. आमच्या मोठ्या सिस्टर शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "रडून पोर सापडत नाही. बाहेर बसा, फोन ठेवू नका. वॉर्ड मी बघते."

विहिरीत काही नव्हतं. तेवढ्यात पुढच्या गावच्या स्टँडवरून निरोप आला. गाडीत एकटी पोरगी बघून कंडक्टरने तिला तिथे उतरवून स्वतःच्या शेजारी बसवून ठेवलं होतं.

तिचे बाबा पोहोचले, फोन तिच्या कानाला लावला. मीरा चिडलेली होती. "तू तर येतच नाही. म्हणून मीच निघाली."

मी डोळे पुसले. "मीरा, मी आज येणार नाही. उद्याही नाही. दिवाळीला येईन."

ती इतकी रडली, की तिचे बाबा मला रागावले, "आत्ताच सांगायचं होतं का?" पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून फोन मागितला. दिवाळी कुठे राहते, असं विचारलं. मग 'काय केलंस, काय खाल्लंस' ही फोनवरची प्रश्नोत्तरं आम्ही बंद केली. फोन डब्याला टेकवून ती तिकडे जेवायची, मी इकडे. कधी दोघी गप्पच.

दिवाळीला मी गेलेच. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या बाबांना इकडच्या कंपनीत काम मिळालं आणि वाघोलीत आमच्या दोन खोल्या झाल्या. सासूबाई मात्र गाव सोडायला तयार नाहीत. रोज जेवताना आता त्यांना व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवलेला असतो.

गावाकडचे विचारतात, आता घर कुठलं? मला धड सांगता येत नाही. परवा शाळेत बाईंनी मीराला विचारलं, घरी कोण कोण असतं?

"आई, बाबा, आजी."

"आजी? त्या कधी दिसल्या नाहीत."

"ती गावी राहते," मीरा म्हणाली, "पण घरीच असते."