कापसात गेलेली कादंबरी

काल आदिलाबादच्या रद्दीच्या दुकानात ती कादंबरी दिसली आणि नाकात थेट कापसाचा वास शिरला. सरकीचा, उबट, जरा कडवट.

भैंसा गावाजवळच्या आमच्या घरात वेचलेला कापूस आतल्या खोलीत पार आढ्यापर्यंत भरलेला असायचा. आगीच्या भीतीनं तिथं दिवा नेत नसत, म्हणून आक्का भरदुपारी ढिगावर चढून मला वाचून दाखवायची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन, धुक्यानं भरलेले बोळ, चोरांची वस्ती आणि तिथल्या एका घरात कोंडून ठेवलेली पोरगी. बाबांच्या नजरेला पडू नये म्हणून पुस्तक ती कापसातच खुपसून ठेवायची.

आक्काचं लग्न ठरलं आणि बाबांनी सगळा कापूस विकायला काढला. आम्ही दोघी शेतातून परतलो तेव्हा भरलेली गाडी जिनिंगच्या कारखान्याकडे निघून गेली होती. रिकाम्या खोलीच्या दारात आक्का थिजून उभी राहिली.

"काऊन उभी हायेस वं?" बाबा म्हणाले. "सोयरे येऊन राह्यले, चहा ठेव."

चुलीपुढं बसल्यावर तिनं मला हळूच विचारलं, "शेवटची पानं राह्यली वं. सुटली असन का ती पोरगी?"

मला वाटलं, तिला पुस्तकाचंच वाईट वाटतंय.

काल दुकानात उभ्याउभ्याच मी शेवटचं पान वाचलं. सुटते, आक्का. पहाटे, खिडकीतून, अनवाणी. तुझ्या सासरच्या विहिरीतून तुला वर काढलं, तेव्हा तुझ्याही पायांत काही नव्हतं.