ब्रूनो तिसरे यांची राखण

माझ्या सासुरवाडीत एका कुत्र्याला ओवाळण्यात आलं, त्याला मीच कारणीभूत आहे.

चिमूरजवळच्या खेड्यात माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं, हरभऱ्याचं शेत आहे. बांध संपला की जंगल. गेल्या साली वानरांनी निम्मा हरभरा फस्त केला. राखणीला काळ्या नावाचा गावठी कुत्रा होता, पण तो म्हातारा, एकाच कानाचा आणि (मामाजींच्या मते) त्या कानानेही बहिरा.

"औंदाई हरभरा गेला, त मी पेरनंच सोडतो," मामाजी म्हणाले.

मी चंद्रपूरला ग्रंथपाल. कुत्र्यांवरची तीन पुस्तकं वाचलेली. "हरभरा माझ्यावर सोडा!" मी म्हणालो.

आणि आणला जर्मन शेफर्ड! दाखल्यावर नाव 'ब्रूनो तिसरा'. सोबत पाच पिढ्यांची वंशावळ, बापजाद्यांची पदकं. (लग्नाच्या वेळी माझा बायोडाटाही इतका भारदस्त नव्हता, आणि तो चार पानी होता.)

मामाजींनी कागद उलटसुलट पाहिला. "कुळ त चांगलं दिसते. काम काय करते?"

"राखण रक्तातच आहे, मामाजी!"

जावयाने आणलेला, म्हणून सासूबाईंनी त्याला जावयाचाच मान दिला. पाय धुतले, ओवाळलं, खाटेवर बसवलं आणि माझ्याआधी वाढलं. काळ्याने हे सगळं खाटेखालून पाहिलं. त्याची रवानगी दोन दिवसांनी मेहुण्याच्या गावी करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरचे सगळे आणि अर्धं गाव शेतावर हजर. वीसेक वानरं हरभऱ्यात उतरली. "ब्रूनो, छू!" मी ओरडलो.

ब्रूनो ऐटीत शेताच्या मधोमध गेला आणि थांबला. छाती पुढे, मान ताठ, एक मागचा पाय मागे. पुतळाच!

"हे काऊन थांबलं?" मामाजींनी विचारलं.

"पवित्रा घेतोय."

एक दांडगा हुप्या त्याच्यासमोर आला. ब्रूनोने जबडा उघडला. आता! पण तो दात दाखवत होता. तपासायला! तेव्हा मला विकणाऱ्याचं बोलणं आठवलं: पिल्लू असल्यापासून त्याला एवढंच शिकवलेलं, की परका माणूस जवळ आला की हलायचं नाही. तो कुत्र्यांच्या प्रदर्शनातला परीक्षक असतो.

परीक्षकाने दात पाहिले, एक फेरी मारली, शेपूट ओढून पाहिली आणि समोरच बसून घाटे सोलायला घेतले.

"जावईबापू, त्याले सांगा ना काई!" सासूबाई कळवळल्या.

मीच काठी घेऊन धावलो. हुप्याने मलाही दात दाखवले. (ते तपासण्यासाठी नव्हते.) पुढचं मला नीट आठवत नाही, मी राखणीच्या मचाणावर होतो.

मचाणाखाली झोपलेला काळ्या उठला. त्याने आळस दिला, कुठलाही पवित्रा न घेता एकदाच भुंकला आणि सुटला! दोन मिनिटांत सगळी वानरं सागाच्या शेंड्यांवर. काळ्या परत येऊन झोपलासुद्धा. ब्रूनो अजून तसाच उभा होता, निकालाची वाट पाहत.

मामाजींनी घाटे चाचपले, सुस्कारा सोडला. "वाचला हरभरा. काळ्या कुठी जात नाई." मग सासूबाईंना म्हणाले, "कागद पाहून फसाची आपली ही दुसरी खेप."

"पयली कोनती?"

मामाजींनी मान वर करून मचाणाकडे पाहिलं.