चष्मेवाले शिपाई

...नाही गं, खडूसपणा नव्हता तो वन्संचा, कामाची धास्ती होती. लिहिलंस का? लिही. आणि मी खोकले तर ते लिहू नकोस.

वन्सं म्हणजे तुझ्या आजोबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही त्यांनी. का, ते मी विचारलं नाही नि त्यांनी सांगितलं नाही. एका घरात दोन बायकांनी राहायचं तर थोडं तोंड मिटून राहावं लागतं. स्वयंपाकघरामागची खोली त्यांची. खिडकीशी टेबल, त्यावर बाटल्या, कापूस, सुया आणि एक ब्रश असा, की त्याला मोजून तीन केस. त्या ब्रशाला मी एकदा हात लावला तर घर डोक्यावर घेतलं होतं.

काम काय, तर शिशाचे शिपाई. बोटाएवढे. कुणाची बंदूक मोडलेली, कुणाचा पाय. लोक ते जमवतात, काचेच्या कपाटात मांडतात. आपल्याला वाटतं पोरखेळ, पण जीव टाकतात त्यांच्यावर. वन्सं मोडलेलं जोडायच्या, उडालेला रंग भरायच्या. आणि जिथे आपला नवा रंग लागला, त्या शिपायाच्या तळाला पांढरं टिंब द्यायच्या. मी म्हटलं, "एवढं बेमालूम करता, मग स्वतःचीच चुगली कशाला?" तर म्हणाल्या, "वहिनी, घेणाऱ्याला कळायला नको का, कुठवर तो शिपाई आहे नि कुठून मी आहे?"

त्यांच्याकडे शिपायांची खरेदी-विक्री करणारे एक साहेब यायचे. आम्ही त्यांना भिंगवाले म्हणायचो. खिशात कायम भिंग. जेवायला बसवलं असतं तर ताटातही भिंगातून बघितलं असतं त्यांनी. तर हे भिंगवाले एक दिवस शिंपीणबाईंना घेऊन आले. दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या त्या, माझी पोलकी तिथेच शिवायची. बुटाच्या खोक्यात बारा शिपाई. अकरा बंदूकवाले, एक ढोलवाला. त्यांचा मुलगा पंधरा वर्षांपूर्वी तापाने गेला होता, नऊ वर्षांचा. अंथरुणात पडल्या पडल्या, उजवा हात रंगाने माखून घेत, त्याने ते सगळे शिपाई रंगवून टाकले होते. पिवळ्या विजारी, आणि प्रत्येकाला चष्मा! कारण याला स्वतःला चष्मा. आईने विचारलं तर म्हणे, "लांबचा शत्रू दिसायला नको?"

भिंगवाल्यांनी एकाच्या पायाशी नखाने खरवडून दाखवलं. "खाली मूळ रंग शाबूत आहे, कारखान्यातला. पोराने वर फासलंय तेवढं काढा. बाराच्या बारा मूळ रंगात असतील तर मागाल ती किंमत. असेच राहिले तर खेळणी."

वन्सं म्हणाल्या, "बाई, एकदा काढलं की ते परत येत नाही."

शिंपीणबाई म्हणाल्या, "काढा ताई. धाकटीला शिकायला बाहेर पाठवायचंय. बहिणीसाठी एवढं त्याने केलंच असतं."

झालं. वन्सं रोज एखाददुसरा शिपाई घ्यायच्या. कापसाला टरपेंटाइन, अगदी हलक्या हाताने. कापूस पिवळा व्हायचा आणि खालून लाल कोट, गुलाबी गाल, असा देखणा चेहरा वर यायचा! खोटं कशाला बोलू, मलाही आवडले.

शिंपीणबाई रोज दुपारी बघायला यायच्या. तीन-चार शिपाई झाले तेव्हा म्हणाल्या, "ताई, त्याच्या चष्म्याची कुठली काच जाड होती हो? सकाळपासून आठवत नाहीये." आम्ही म्हटलं, होतं असं. पुढे एक दिवस म्हणाल्या, "तो मला हाक कशी मारायचा?" आता हे आम्हाला कसं ठाऊक असणार? मी चहा दिला, विषय बदलला. अकरावा झाला त्या दिवशी मात्र त्या बसल्याच नाहीत. दारातच उभ्या. म्हणाल्या, "मला मुलगा होता, एवढं पाठ आहे. पण डोळे मिटले की तिथे कोणीच नसतं."

भर दुपार होती, खिडकीतून ऊन येत होतं, आणि माझ्या हातावर काटा आला. वन्संनी बाटलीचं झाकण लावलं. बारावा, तो ढोलवाला, तसाच राहिला.

"होते तसे परत करून द्या मला," शिंपीणबाई म्हणाल्या. "विकायचे नाहीत."

भिंगवालेही त्या दिवशी काम बघायला आले होते. म्हणाले, "आता पुन्हा फासलंत तर ते कारखान्याचेही राहणार नाहीत नि मुलाचेही." टोपी घातली आणि गेले. माणूस तुसडा, पण बोलले ते खरं बोलले.

वन्संनी ढोलवाला समोर ठेवला आणि अकरांना तसे रंगवायला बसल्या. पण मुद्दाम वाकडं काढणं किती कठीण गं! चाळीस वर्षांचा सरावलेला हात, रेघ सरळच जायची. दोन दिवस नुसती चिडचिड. मग त्यांना काय सुचलं, तर आपला भाऊ, म्हणजे तुझे आजोबा, लहानपणी डाव्या हाताने भिंती चिताडायचे. तो कसा चिताडायचा ते त्या आठवत बसल्या, ब्रश डाव्या हातात घेतला, आणि हात सुटला. संध्याकाळपर्यंत अकरा जण तयार. वाकडे चष्मे, विजारीबाहेर गेलेला पिवळा. ढोलवाल्याशेजारी ठेवले तर मला फरक सांगता आला नसता.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई आल्या. एक शिपाई उचलला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला! "आठवला! अगं बाई, आठवला! शाळेत जायचं नसलं की बूट पिठाच्या डब्यात लपवायचा! सगळं डाव्या हाताने करायचा. पुढचा दात पडला तर त्या फटीतून शीळ घालून माझं डोकं उठवायचा!"

मी हातातली कपबशी खाली ठेवली. कारण पिठाच्या डब्यातले बूट मला माहीत होते. लग्नानंतर आठवडाभरात सासूबाईंनी सांगितलं होतं मला, नवऱ्याला चिडवायला. तुझे आजोबा शेजारच्या खोलीत होते. ते उठून आले आणि चौकट धरून उभे राहिले. हळूच म्हणाले, "हिला हे कोणी सांगितलं?"

कोणीच नव्हतं सांगितलं.

वन्संनी घाईघाईने ढोलवाला त्यांच्या हातात कोंबला. "हा बघा बाई, हा त्याचा. याला मी हात लावलेला नाही." शिंपीणबाईंनी तो उलटसुलट केला, परकं पोर बघावं तसा. "हा कोणाचा? आमच्यातला नाही हा. माझ्या मुलाचा हात असा नव्हता." टेबलावर ठेवला, अकरा खोक्यात भरले आणि गेल्या. जाताना गुणगुणत होत्या.

मी म्हटलं, "वन्सं, मागवून घ्या ते. पुसून टाका."

"पुसले तर तिला कोण उरेल, वहिनी?" मग पिवळा कापूस गोळा करत म्हणाल्या, "टिंबं दिलीत मी अकरांना. पण तळाशी बघणार कोण?"

आणि तुझे आजोबा, मी पुढे कधी बुटांवरून चिडवलं तर म्हणायचे, "बूट? मी? नाही बुवा." मला आधी वाटलं थट्टा करतायत. शीळ तर त्यांना कधी घालताच आली नाही त्यानंतर.

वन्संनी माणसाचं तोंड परत रंगवलं नाही. घोडे तेवढे घ्यायच्या. गेल्या तेव्हा टेबलावर एक घोडाच होता, तीन पाय रंगवलेला.

शिंपीणबाई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या, आणि सुखाने. सारखं त्या मुलाचं सांगायच्या. धाकटी त्यांच्या शिवणाच्या जोरावर शिकली, लांब गेली. भाऊ गेला तेव्हा ती रांगत होती. तिला भाऊ ठाऊक आहे तो आईने सांगितला तेवढाच. तेच मला सलतंय गं. आई सुखात होती म्हणून आम्ही गप्प बसलो, पण लेकीला फसवून आम्हाला काय मिळायचंय? आता ती पन्नाशीची असेल. उजव्या भुवईत कात्रीचा व्रण आहे.

तर हे जो कोणी वाचेल त्याला माझं सांगणं आहे. ती भेटली तर तिला म्हणा, बूट लपवणारा, शीळ घालणारा तो तुझा भाऊ नव्हे, तो आमच्या घरातला. तुझा भाऊ उजव्या हाताचा होता, आजारी होता, आणि लांबचं दिसावं म्हणून शिपायांना चष्मे देत होता. आमच्याकडे एवढाच आहे तो. एवढा निरोप तिला द्या.