बाबांचं लोकेशन

समाजमाध्यमांवर कोणी खोटं लोकेशन टाकलं तर ते पकडायचं, हे माझं काम. घरी बसून गोवा फिरणारे पुष्कळ सापडतात. खूण साधी आहे. खऱ्या फोनचं ठिकाण थोडं तरी हलतं, अक्षांश-रेखांशाचे शेवटचे आकडे बदलत राहतात. रोज हुबेहूब तेच आकडे आले की समजायचं, स्वारी तिथे गेलेलीच नाही. पलासियातल्या आमच्या ऑफिसात नव्या मुलींना मी हे ऐटीत शिकवते.

पक्षाघाताने बाबांचा उजवा हात लुळा पडला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिले तीन महिने व्यायाम चुकवू नका, नंतर हात वळणं कठीण. तुकोगंजातल्या क्लिनिकला बाबा रिक्षाने एकटेच जायचे. पोचलात की लोकेशन टाका, असा माझा हुकूम. अकराला ते यायचं. मी मान वर न करता उत्तरादाखल अंगठा पाठवायची आणि मोकळी व्हायची.

दहाव्या आठवड्यात एका दुपारी शेजारची मुलगी म्हणाली, "मॅडम, ये देखो, महिनेभर से एक ही डिजिट!" तो माणूस आम्ही खोटा ठरवला, आणि मी उगाच माझा फोन हातात घेतला. बाबांची लोकेशनं उघडली. आजचं, कालचं, गेल्या सोमवारचं. शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. पहिल्या दिवशीचाच मेसेज ते रोज पुन्हा पाठवत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! तशीच उठले. रिक्षा सिग्नलला अडकली तर मी बिचाऱ्या रिक्षावाल्यावरच खेकसले.

बाबा घरीच होते, पेपर पुढ्यात घेऊन.

"एकदाच गेलात ना तुम्ही?"

"हो. तिथे सगळ्यांच्या सामने पेला उचलायला लावतात गं. माझ्या हातून सुटला. शर्म आली."

"मग मला सांगायचं होतं ना!" मी ओरडलेच.

"तुझं तर कामच आहे हे," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, दुसऱ्याच दिवशी पकडशील. रागावशील, सोबत येशील. रोज वाट बघायचो. तुझा अंगठा यायचा."

दुसऱ्या दिवसापासून रजा टाकून मी त्यांच्यासोबत गेले. पुढे कितीतरी महिने गेले. बाबा आजही डाव्या हाताने जेवतात. लग्नाचं आमंत्रण आलं की मला एकटीलाच पाठवतात.