थुंकी त्याची, घाम माझा

"थुंकी नको लावू. बॉल इकडे दे, मी लावतो."

मैदान गंगापूर रोडचं. क्लबकडून माझी पहिलीच मॅच. तिसरी ओव्हर टाकायला निघालो होतो, बॉल जिभेजवळ नेला होता, तेवढ्यात मिड-ऑफवरून कॅप्टन ओरडला. मला वाटलं, काहीतरी नियम असेल. म्हणालो, "काय झालं?" तो जवळ आला. बॉल घेतला, शर्टाला पुसला आणि हसत म्हणाला, "अरे, नंतर आम्हालाही लावायची असते ना." मग स्वतःची थुंकी लावली, पँटवर घासला आणि बॉल माझ्या हातात ठेवला.

स्लिपमधला एकजण खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागला. लेस सुटलेली नव्हती. म्हणजे त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं. आणि मी काय केलं? मुकाट्याने रनअपवर गेलो आणि ओव्हर टाकली. विकेट मिळाली. कॅप्टनने पाठ थोपटली. पाठीला हात लावलेला चालत होता.

क्रिकेट न कळणाऱ्यांसाठी सांगतो. लेदर बॉलची एक बाजू चमकती ठेवायची, दुसरी घासून खरबरीत होऊ द्यायची. मग बॉल हवेत वळतो. माझी सगळी कमाई त्या वळण्यात होती. चमक आणायला घामही लावतात, पण थुंकीने जी चमक यायची ती घामाने येत नाही. तेव्हा अख्खी टीम आळीपाळीने एकाच बॉलला थुंकी लावायची. कुणाला कुणाची किळस नव्हती. किळस फक्त माझी.

कॅप्टनला कळलं कसं? त्याच सकाळी त्याने विचारलं होतं, "नाशिक रोडला कुठे राहतोस?" मी बिनधास्त सांगितलं होतं, "विहाराच्या मागे." त्या दिवसानंतर कुणी विचारलं की मी म्हणायचो, "स्टेशनजवळ." ज्या वस्तीने वर्गणी काढून मला पहिले स्पाइक्सचे बूट घेऊन दिले, ती वस्ती मी पत्त्यातून काढून टाकली.

तीन सीझन असंच चाललं. घाम माझा, थुंकी त्याची. मी बॉल पँटवर घासघास घासायचो, त्याच्याकडे फेकायचो, तो थुंकी लावून परत द्यायचा. त्याची ओली थुंकी माझ्या बोटांना लागायची आणि मला काही वाटायचं नाही. जिल्ह्याच्या टीमसाठी नावं त्याच्या शब्दाने पुढे जायची. मला जिल्ह्याकडून खेळायचं होतं. दुसरं काही दिसतच नव्हतं.

आई शाळेत शिपाई. रविवारी रात्री माझी पांढरी पँट दगडावर घासायची. एकदा म्हणाली, "बाकीच्या पोरांच्या पँटी पाहिल्या मी. तुझ्याच मांडीवर एवढा लाल डाग कसा काय?" मी हसत हसत सांगून टाकलं, मला थुंकी लावू देत नाहीत म्हणून. जणू काही गंमतच. तिचे हात थांबले.

"आपल्या माणसांच्या गळ्यात मडकी बांधायचे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून," ती म्हणाली. "ती त्यांनी बांधली होती रे. तू तर स्वतःच्या हाताने बांधून आलास."

मी तिच्यावरच खेकसलो. "तुला क्रिकेटमधलं काय कळतं?" तिने पँट पिळून वाळत घातली.

चौथ्या सीझनला सुरगाण्याचा एक आदिवासी पोरगा टीममध्ये आला. एकोणीस-वीस वर्षांचा, डावखुरा, लय फास्ट. पहिल्याच मॅचला त्याने बॉल तोंडाजवळ नेला. कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "तू सांग त्याला."

आणि मी गेलो. खरंच गेलो. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "थुंकी लावू नको. आपण नाही लावायची."

"का?" त्याने विचारलं. "माझी थुंकी निराळी हाय का?"

जो प्रश्न मी तीन वर्षं विचारला नाही, तो याने एका दमात विचारला. मला कुणी सांगितलं तेव्हा निदान सांगणारा परका होता. याला सांगणारा मी होतो. त्याने माझा हात खांद्यावरून काढला, बॉलला थुंकी लावली आणि ओव्हर टाकली. कॅप्टनने दुसऱ्या ओव्हरला त्याच्याकडे बॉलच दिला नाही. माझ्याकडे दिला.

मी बॉल तोंडाजवळ नेला. चांगली जीभ फिरवली, शिवणीच्या एका बाजूला, सगळ्यांसमोर. पँटवर घासला. मग चालत मिड-ऑफला गेलो आणि बॉल कॅप्टनपुढे धरला. "घे. आता तुला लावायची असेल तर लाव."

त्याने हात पुढे केला नाही. "डोकं फिरलंय का तुझं?" एवढंच म्हणाला. मी ती ओव्हर टाकली. विकेट काही मिळाली नाही, उलट दोन चौकार बसले. पुढच्या मॅचच्या यादीत आम्हा दोघांची नावं नव्हती. जिल्हा संपला. सुरगाण्याचा तो परत भेटला नाही. माफी मागायची राहून गेली, आणि कुणी कितीही समजूत घातली तरी ती राहिलीच आहे.

पुढे कोरोनाची साथ आली आणि बॉलला थुंकी लावायला सगळ्यांनाच बंदी झाली. मोठमोठे बॉलर कुरकुरले. मी एकटाच हसलो असेन, च्यायला, माझी तर तीन वर्षांची प्रॅक्टिस होती.

आता मी नाशिक रोडलाच पोरापोरींना बॉलिंग शिकवतो. त्यांना सांगतो, घामाने चमकवा, नियम आहे. पण नियम सगळ्यांना असेल तरच पाळायचा. तुम्हाला एकट्याला सांगितला तर बॉल खाली ठेवायचा आणि मोठ्याने विचारायचं, का?

आणि कुणी मला विचारलं, नाशिक रोडला कुठे, तर मी आधी सांगतो. विहाराच्या मागे. मग हात पुढे करतो, आणि समोरचा मिळवतो की नाही ते बघत उभा राहतो.