शेवटच्या वीस बदलांपलीकडे

मंडळी, आज ऑफिसात मी माझ्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडलं.

कोडमध्ये कुणी कधी काय बदललं, याची यादी एडिटरमध्ये दिसते. ती पटकन उघडावी म्हणून मी फक्त शेवटचे वीस बदल दिसतील असं सेटिंग ठेवलं होतं. बिघडलेल्या फाइलच्या यादीत तळाशी, म्हणजे सगळ्यात जुन्या बदलासमोर, माझ्या टीममधल्या शैलजाचं नाव होतं. "सुरुवात तुझ्यापासूनच झालीय," मी भर मीटिंगमध्ये म्हणालो.

बेळगावची शैलजा म्हणाली, "स्वल्प आणखी मागं बघा की."

"यादी इथंच संपते," मी म्हणालो.

नंतर जागेवर येऊन सेटिंग काढलं. एकविसावा बदल माझा होता आणि चूक त्यातच होती.

तिला चॅटवर सॉरी म्हटलं. उत्तर आलं, "सरी," म्हणजे तिच्या कानडीत 'ठीक आहे', "पण बाकीच्यांना कोण सांगणार ओ?"

टीमच्या ग्रुपवर लिहायचं सोडून मी हे इथं तुम्हाला सांगत बसलोय. माझी टीम इथं नाही, म्हणूनच ना?